हेल्परला कुलूप नसतं

४ मार्च, सोमवार

"वहिनी, हेल्परचा हात म्हणजे मिस्त्रीचाच हात. त्याच्या हाताला काही व्हायच्या आधी माझ्या हाताला होईल."

माझं नवीन लग्न झालेलं. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीवर हेल्पर म्हणून लागला होता आणि मी घाबरट. म्हणून त्याचा मिस्त्री मुद्दाम घरी आला, दारातच उभं राहून चहा प्यायला आणि हे बोलून गेला. किती बरं वाटलं होतं तेव्हा.

आज तोच माणूस माझ्या टेबलासमोर उभा होता. हात जोडून. मी आधी वर पाहिलंच नाही. नुसते हात दिसले — दोन्ही शाबूत.

"मॅडम, कामाचं बघायला आलोय. लिफ्टचं सगळं येतं. कंपनी बंद पडली आमची."

ओळखलं नाही मला. कसं ओळखणार? तेव्हा मी दारामागची वहिनी होते. आता टेबलामागची मॅडम आहे. मोठ्या इमारतींना दुरुस्तीची माणसं पुरवायची, हे आमच्या ऑफिसचं काम. आणि कोण मिस्त्री म्हणून जाणार, कोण हेल्पर म्हणून, ते ठरवणं माझं.

नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं दोराच्या चाकात गेली. तो मशीनपाशीच होता आणि या माणसानं मेन स्विचचं आपलं कुलूप काढून खटका वर केला. चौकशीत काय म्हणाला? "मी त्याला मशीनला हात लावायला सांगितलंच नव्हतं. हेल्परचं काम सामान हातात देणं." झालं. हेल्पर असून मशीनला हात लावला, म्हणजे चूक हेल्परची. भरपाई नाही, नोकरीही नाही.

इतकी वर्षं मी या माणसाच्या नावानं बोटं मोडली. नवऱ्याची पुरी नव्हती, माझी होती.

"गुरुवारी या," म्हटलं. आजही करता आलं असतं. पण ताटकळू दे.

५ मार्च

आज स्वयंपाक फार चांगला झाला. नवरा म्हणाला, "काय गं, पगार वाढला का?"

७ मार्च, गुरुवार

आला. ऑफिस उघडायच्या आधीच आला होता. बाकावर बसवून ठेवला. ऑफिस झाडणाऱ्या मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "म्हातारा केव्हाचा बसलाय तिथं. अंडी उबवतोय का?"

म्हटलं, उबवू दे.

जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावला.

"सर्टिफिकेट?"

"ते नाही मॅडम. आमच्या वेळी हाताखाली राहूनच शिकायचे."

"मग मिस्त्री कसं लिहू? कागद नसेल तर हेल्पर."

नियम आहे तसा. पण जुन्या माणसांना मी तो कधी लावत नाही. दोन ठिकाणी फोन करून विचारते आणि मिस्त्री लिहून मोकळी होते. आज कुठेही फोन केला नाही. आज नियम माझ्या हाकेला धावून आला.

तो म्हणाला, "हेल्परला किती देतात आता?"

जन्मभर हेल्परच्या जिवावर मिस्त्रीपण केलं आणि हेल्परला काय मिळतं ते ठाऊक नाही! सांगितला आकडा. त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत विचारला. परत सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना जास्त गोड लागलं.

"महिन्याचे?"

"महिन्याचे."

मिस्त्रीच्या निम्मेही नाहीत. सही केली त्यानं. वाटलं होतं हात थरथरेल. नाही थरथरला. तेवढं एक राहून गेलं.

८ मार्च

नवऱ्याला सांगितलेलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात घरी. हा मात्र मस्त भिजतोय.

११ मार्च, सोमवार

कुणाच्या हाताखाली द्यायचा, यावर मी दोन दिवस विचार केला. आमच्याकडे शांत मिस्त्री आहेत. हेल्परला आधी पाणी देऊन मग स्वतः पिणारेही आहेत.

गॉगलच्या हाताखाली दिला.

गॉगल हे काही नाव नव्हे. तळघरातसुद्धा काळा चष्मा लावतो म्हणून सगळे तसं म्हणतात. वय माझ्या भाच्याएवढं. कागद आहे त्याच्याकडे, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. हेल्पर त्याच्याकडे दोन महिने टिकत नाहीत. कुणाला शिव्या सोसत नाहीत, कुणाला त्याची घाई सोसत नाही. प्रत्येक वेळी नवा हेल्पर मीच शोधते आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं. या वेळी वाटलं नाही.

दुपारी त्याचा फोन. "ताई, हे काय पाठवलंय? हेल्पर मागितला होता, आजोबा नव्हते मागितले. संग्रहालयातून आणलेत का?"

"चालवून घे. स्वस्तात मिळालाय."

फोन ठेवला आणि स्वतःशीच हसले. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "कुणाचा गळा कापलास गं?"

१४ मार्च

हजेरी तपासायचं निमित्त काढून साइटवर गेले. खोटं कशाला लिहू, बघायला गेले.

उंच इमारत, मशीनची खोली गच्चीवर. वर गेले तर गॉगल खुर्चीत बसून फोनवर बोलतोय आणि म्हातारा शिडी वाहतोय. ठेवली, तर हा म्हणतो, "तिथं नाही आजोबा, इकडे." इकडे ठेवली, तर "पहिल्याच जागी बरी होती." म्हाताऱ्यानं शिडी उचलली.

मग भिंतीवरच्या मेन स्विचकडे लक्ष गेलं. खटका खाली केलेला, त्याला गॉगलचं लाल कुलूप, आणि कुलपावर म्हाताऱ्याचा शर्ट लटकवलेला.

हेल्परांची रीत आहे ही. मिस्त्रीला कंपनी कुलूप देते. मशीनला हात घालायच्या आधी स्विच बंद करून त्यानं ते लावायचं, चावी खिशात. हेल्परला कुलूप नसतं, कारण कागदावर हेल्पर मशीनला हात लावतच नाही. लावतो तर तोच! म्हणून हेल्पर आपला शर्ट काढून खटक्यावर टाकतात. शर्ट आहे तोवर आत माणूस आहे. शर्ट ज्याचा त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नवऱ्याचे सगळे शर्ट असे मानेपाशी काळे होऊन यायचे. घासून घासून माझी नखं जायची.

आता तुझा शर्ट लटकतोय. लटकू दे. मानेपाशी काळा होऊ दे.

म्हातारा बनियनवर काम करत होता. बनियन खांद्याला उसवलेलं, पांढऱ्यावर काळ्या दोऱ्याचे टाके. वेडेवाकडे. घरी कुणी बाई नसावी. माझं काय जातं?

"मॅडम, सावलीत उभ्या राहा, ऊन आहे," म्हणाला.

उन्हातच उभी राहिले.

१५ मार्च

डूख धरणं म्हणजे साप पाळणं, असं माझी आई म्हणायची. दूध आपलंच जातं. जाऊ दे. इतकी वर्षं घातलंय, आता कुठे तो डसायला लागलाय.

२० मार्च

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, पकडली गेले.

"गॉगलकडे जो म्हातारा दिलाय, तो खरा मिस्त्री आहे म्हणे."

"कागद नाही त्याच्याकडे."

"तेच म्हणतोय मी! मिस्त्रीचा हात आणि हेल्परचा पगार. इमारतवाले खूश. त्यांनी अजून माणसं मागितलीत. तुला सुचलं कसं हे? इतकी वर्षं मी जुन्या मिस्त्र्यांना पूर्ण पगार देत बसलो, गाढवासारखा."

मी खाली बघितलं. त्यांना तो विनय वाटला.

"आता सगळ्यांना हेच लावायचं. कागद नाही, हेल्पर. जे आधी लागलेत त्यांनासुद्धा. नको असेल त्यानं घरी बसावं. तुझं बघू आपण दिवाळ... पुढच्या पगारवाढीला."

बाहेर आले. मावशींनी चहा दिला. तोंडात नुसता फिरवत राहिले.

२२ मार्च, शुक्रवार

आज तिघांना हेल्पर केलं. एक नळकाम करणारा, दोघे वातानुकूलनवाले. तिघांना मीच मिस्त्री म्हणून लावलं होतं. नळवाला नेहमी मला "ताई, तुमच्या हातून लागलो, हात चांगला तुमचा" म्हणायचा. आज सही करून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "असू दे ताई. वरून आलं असणार, तुम्ही काय करणार?"

वरून!

माझं भांडण एकाशी होतं. मी काडी एकाच्या घराला लावली होती. वारा कुठून आला?

आणि तरीही — लिहूनच टाकते, वहीशी कसली लाज — गॉगलच्या साइटवरून म्हातारा काढावा असं अजून वाटत नाही. या तिघांचं वाईट वाटतंय. त्याचं नाही.

२५ मार्च, सोमवार

नवरा आज घरी आला तो गप्प. तो हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. डाव्या हातानं पैसे घेतो, डाव्यानंच बिल लिहितो. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून आला की घरीही बोलतच असतो. आज हातपाय धुतले आणि खाटेवर बसून राहिला.

मग म्हणाला, "आज माझा मिस्त्री आला होता दुकानात."

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. घालत राहिले.

"कुलूप मागायला आला. लहानातलं लहान द्या म्हणाला. मी वर पाहिलं, त्यानंही पाहिलं. दोघंही हसलो. काय करणार? म्हटलं, मिस्त्री, कुलूप कशाला विकत घेता, कंपनी देते ना? तर म्हणाला, आता हेल्पर आहे मी. हेल्परला नसतं."

घडी विस्कटली, परत घातली.

"मी विचारलं, तुम्हाला हेल्पर केलं कुणी? नाही सांगितलं त्यानं. म्हणाला, ऑफिसचा नियम आहे. कुठलं ऑफिस विचारलं, तर कुलूप खिशात टाकून निघाला." नवरा माझ्याकडे बघत होता. "तूच ना?"

"मीच."

वाटलं होतं, ओरडेल. किंवा — आता कळतंय, मला तेच हवं होतं — वाटलं होतं, शाबास म्हणेल.

"माझ्या बोटांचा सूड तू कशाला घेतेस? बोटं माझी होती."

"तुझी? इतकी वर्षं तुझ्या शर्टाची बटणं कोण लावतं रोज सकाळी? पहिलं वर्षभर घास कोण भरवत होतं? पोरीला तुझा हात धरायची भीती वाटायची, तिला कुशीत घेऊन कोण बसायचं? तुझी म्हणे!"

त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते.

"त्या दिवशी खटक्यावर माझा शर्ट नव्हता."

मला कळलंच नाही आधी.

"पोरीच्या शाळेचा पहिला दिवस होता. कामावरून थेट शाळेत जायचं होतं. तू नवा शर्ट शिवून दिला होतास, फिका निळा. बटणांची काजं हातानं केली होतीस. तो मी त्या काळ्या खटक्यावर कसा टाकू? दारामागे खिळा होता, त्याला लावला. मिस्त्री खालून आला, खटक्यावर शर्ट नाही, एवढंच बघितलं. त्याला वाटलं, मी आटपून गेलो. कुलूप काढलं."

"हाक मारायची होती त्यानं."

"मारायची होती. नाही मारली. तो त्याचा वाटा. खिळा माझा."

"आणि चौकशीत? 'मी सांगितलंच नव्हतं'?"

"ते कंपनीनं पढवलेलं. भ्याला तो. पोटासाठी भ्याला. पण शर्टाचं बोलला असता तर सुटला असता गं पूर्ण. सगळं माझ्या अंगावर टाकून मोकळा झाला असता. नाही बोलला. हॉस्पिटलात मी त्याचा हात धरून सांगितलं होतं, शर्टाचं हिला कधी कळू देऊ नका. तिनं शिवलाय तो."

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

मग तो म्हणाला, "आज निघताना दारात वळला. म्हणाला, वहिनी बऱ्या आहेत. पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

२६ मार्च

म्हणजे मी आकडा दोनदा सांगत होते, तेव्हा त्याला माहीत होतं मी कोण. उन्हात उभी राहिले, तेव्हाही.

मला दोघांचाही राग आला आहे. काय म्हणून मला जपलं? मला न विचारता? मी आपली दात-ओठ खात बसले, आणि हे दोघे माझ्या मागे उभे राहून, हिला लागू नये, हिला लागू नये. एखाद्या पोरीला खोटा आरसा द्यावा तसं.

माफ केलेलं नाही त्याला. लिहून ठेवते. हाक मारायला हवी होती. एक हाक! पैसे पडत नाहीत हाकेला.

आज सकाळी बटणं लावताना नवऱ्याची मान दिसली. शेवटचं बटण लागेना माझ्याकडून. त्यानं डाव्या हातानं लावलं. येतं त्याला. किती वर्षं येत होतं कुणास ठाऊक.

२७ मार्च, बुधवार

मालकांकडे गेले. म्हटलं, त्या म्हाताऱ्याला मिस्त्री करा, माझी चूक झाली. दोन ठिकाणी फोन केला, दोन्हीकडून चांगलं सांगितलं. बाकीच्या तिघांनाही परत मिस्त्री करा.

"चूक कसली? उत्तम चाललंय. इमारतवाल्यांना वर्षाचा दर लिहून दिलाय मी हेल्परचा. आता बदलला तर फरक तुझ्या पगारातून देशील?"

"मग त्याला दुसऱ्या मिस्त्रीकडे द्या."

"गॉगल सोडत नाही त्याला. म्हणतो, म्हातारा न सांगता सगळं करतो."

करणारच. मग गॉगल खुर्चीतून उठेल कशाला?

"निदान हेल्परांना एकेक कुलूप तरी द्या."

मालक हसले. म्हणाले, "कुलूप दिलं की कागदावर मान्य केलं, हेल्पर मशीनला हात लावतो. मग उद्या काही झालं तर भरपाई कोण देईल, तू?" आणि आवाज उतरवून, अगदी प्रेमानं, "एवढ्या वर्षांत तुला हे सांगावं लागतंय?"

तिथून थेट साइटवर. स्विचला गॉगलचं लाल कुलूप तेवढं. म्हाताऱ्याचं लहान कुलूप खाली पेटीवर पडलेलं.

"दोन-दोन कुलपं लावली तर मी काम कधी आटपू ताई?" गॉगल म्हणाला. "आजोबांच्या चावीसाठी थांबत बसू? स्विच काय पळून जातोय?"

"मग शर्ट?"

"शर्ट आज वाऱ्यानं उडाला दोनदा. ती जुनी फॅशन बंद केली मी."

म्हातारा दोरांना वंगण लावत होता. हात थेट चाकापाशी. मी आले हे त्यानं पाहिलं, मान हलवली, परत काम सुरू. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. "मिस्त्री" एवढंच तोंडून निघालं. त्यानं वळून पाहिलं, आणि त्याच्याबरोबर गॉगलनंही.

"मला हाक मारलीत ताई?"

"नाही," म्हटलं.

उद्या सगळे दोर बदलायचे आहेत. दिवसभर हात आतच. गॉगलला दुपारी दुसऱ्या इमारतीतही जायचंय, म्हणजे कुलूप काढून खटका वर करून बघायची घाई असणारच.

२८ मार्च, गुरुवार

सकाळ. डबा भरला. ऑफिसात रजेचं कळवलं. नवऱ्याला सांगितलं, तो आपली बटणं आपणच लावून दुकानात गेला.

आता निघते. गॉगलला विचारणार आहे — आज दिवसभर मला स्विचसमोर उभं राहू देतोस का? काही करणार नाही, कशाला हात लावणार नाही, नुसती खटक्याला पाठ लावून उभी राहीन, आणि तो वर करायच्या आधी आत हाक मारीन. हेल्परचा हेल्पर म्हणून लिही हवं तर, पगार नको.

नाही म्हणेल. मीच शिकवलंय त्याला, ऑफिसचा कागद नसलेल्या माणसाला मशीनच्या खोलीत घ्यायचं नाही.